रिकाम्या पोरांचा मंत्री

मोरीवर पोरं बसलेली दिसली की भास्करनाना ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायचे. ड्रायव्हरला सवय होती; तो काही न विचारता गाडी कडेला घ्यायचा. मागच्या पोलीस जीपला ती सवय नव्हती. एकदा एरंडोलच्या पुढे ती आमच्या डिकीवर येऊन आदळली, आणि फौजदार टोपी सावरत खाली उतरेपर्यंत नाना मोरीच्या कठड्यावर पोरांच्या शेजारी जाऊन बसलेसुद्धा होते. केंद्र सरकारचे राज्यमंत्री. खातं युवकांचं.

“काय करी राहिनात रे पोरेहो?”

“काही नही, नाना.”

“काही नही म्हंजे?”

“बसेल शेतस.”

मग शिक्षण किती, बाप काय करतो, गावात तालीम आहे का, लग्न झालं का, अशी सरबत्ती सुरू व्हायची. पोरं आधी लाजायची, मग एकेकाचं तोंड सुटायचं, आणि मी गाडीपाशी घड्याळ बघत उभा. धुळ्याला मांडवात कलेक्टर ताटकळलेले असायचे. मी जवळ जाऊन हळूच म्हणायचो, “नाना, कलेक्टरसाहेब वाट पाहताहेत.” नाना मान न वळवता म्हणायचे, “त्यासले नोकरी शे, गुरुजी. त्यासले वाट पाहाना पगार भेटस.”

जळगाव ते धुळे हा रस्ता काही फार लांबचा नाही, पण नानांबरोबर तो कधी वेळेत संपला नाही. मी चिडायचो. प्रत्येक मोरीवर उतरायचं म्हटलं तर तुमची मुदत रस्त्यातच संपेल, असं मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. “काय करू?” म्हणाले, “रिकामा पोऱ्या दिखना का माले उतरनंच पडस.” आता नाना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना न पाहिलेल्या लोकांना ते कसे होते हे सांगायचं तर मला दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही.

मी तेव्हा धुळ्याला युवक अधिकारी होतो. आधी मास्तरकी केलेली, म्हणून नाना मला शेवटपर्यंत गुरुजीच म्हणत राहिले. युवक अधिकारी हे नाव ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात एक खोली, एक पंखा आणि एक लोखंडी कपाट. कपाटात व्हॉलीबॉलच्या जाळ्या, लेझमा, एक फुटका ताशा आणि श्रमदान शिबिराचे फलक. खेड्यातल्या युवक मंडळांनी अर्ज करावेत आणि मी जाळ्या वाटाव्यात, असं ते काम. नाना खासदार म्हणून निवडून आल्यावर पहिल्यांदा माझ्या कचेरीत आले ते काही न कळवता. उंच, काळे, पायजमा नेहमी जरा आखूड. मी चहा सांगायला उठलो तर म्हणाले, “चहा राहू द्या, कपाट उघाडा.” मी उघडलं. त्यांनी एक जाळी हातात घेऊन पाहिली, तिची गाठ ओढून पाहिली आणि विचारलं, “गुरुजी, जाळ्या हाई कपाटमा शेतस. नोकऱ्या कोनता कपाटमा शेतस?”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

पुढे दिल्लीत कुणाकुणाच्या टेकूवर एक सरकार उभं राहिलं. त्यातला एक लहानसा टेकू नानांच्या गटाचा होता, म्हणून नाना मंत्री झाले. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत फटाके वाजले. पारोळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे तर गुलालाने गुरंसुद्धा लाल झाली होती. युवकांचा मंत्री म्हणजे पोरांना नोकऱ्या देणारा मंत्री, असं सगळ्या खानदेशाने एका दिवसात ठरवून टाकलं. लोकांचं तरी काय चुकलं? शेतीचा मंत्री शेतीचं बघतो, रेल्वेचा रेल्वेचं. मग पोरांचा मंत्री पोरांचं नाही तर काय बघणार? खरं सांगायचं तर नानांचाही तोच समज होता.

तो समज दिल्लीत उतरला. मी आमच्या पोरांचं लेझीम पथक घेऊन तिकडे एका युवक महोत्सवाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या दालनात गेलो. टेबल एवढं मोठं की त्यावर आमच्याकडची दोन माणसं निजली असती, आणि त्यावर एक कागद नाही. नाना खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहत बसतात तसे. मला पाहून उठले आणि दार लावून घेतलं.

“गुरुजी, मी आठे काय करस माहीत शे? रिबिनी कापस.”

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझंच तोंड कडू झालं. खानदेशातल्या पोरांना फिटरचं, मोटार वायंडिंगचं काम शिकवणारं एक केंद्र काढावं, असं त्यांच्या मनात होतं. सचिव अदबीने म्हणाले, सर, हे कामगार खात्याकडे येतं. पोरांना धंद्याला कर्ज द्यावं म्हटलं, तर ते अर्थखात्याचं. गावात साधं मैदान करावं म्हटलं, तर जमीन राज्याची. ज्याला हात लावावा ते दुसऱ्याच कुणाचं तरी निघायचं. “मन्हा खातामा फक्त पोरे येतस,” नाना म्हणाले. “पोरेसनं काहीच येत नही.”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी म्हटलं, मग सोडून द्या हे. गावाकडे येऊन निदान खरं ते सांगा. नाना खिडकीपाशी गेले. “कसं सांगू? त्यासले वाटस, मन्हा भाऊ तठे बसेल शे. तेवढा आधार शे, तोबी काढी लेऊ?” हे काही मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण तुम्ही त्या मोऱ्यांवरची तोंडं पाहिली असतीत तर तुम्हालाही सहजासहजी सांगता आलं नसतं.

आणि एक पोरगा त्यांच्या घरातच होता. हिरामण, नानांचा सगळ्यात धाकटा भाऊ. आयटीआय केलेला फिटर. दीपनगरच्या वीज केंद्रात शिकाऊ म्हणून राहून आला होता, हात चांगला बसला होता, पण पुढे कायमची जागा कुठेच निघेना. परीक्षा द्यायच्या, नाव यादीत यायचं आणि यादी रद्द व्हायची. बायको, दोन लेकरं, आणि वय सरकारी नोकरीच्या मर्यादेशी येऊन ठेपलेलं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती मर्यादा संपणार होती. मग आयुष्यभर कुठेही अर्ज करायची सोय नाही. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

नाना काही तत्त्वनिष्ठेचा पुतळा नव्हते. भावासाठी त्यांनी माझ्यासमोर फोन केले, लाज सोडून केले. मुंबईतल्या मंत्र्यांना केले, कारखान्यांच्या साहेबांना केले. पलीकडून जो तो म्हणायचा, “नाना, तुमचा शब्द म्हणजे काय, झालंच समजा.” बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एकाच्या स्वीय सहायकाने तर त्यांना फोनवर इतकं ताटकळत ठेवलं की नानांनी शेवटी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला, जणू आवाज झाला तर त्यांचाच अपमान झाला असता. देशाच्या मंत्र्याचा शब्द तालुक्याच्या हापिसातसुद्धा चालत नाही, हे मी त्या दिवसांत रोज पाहत होतो. तरी संध्याकाळी ओट्यावर पोरं जमली की नाना प्रत्येकाला म्हणायचे, “व्हई जाई रे भो, व्हई जाई.”

हिरामणला हे सगळं दिसत होतं. तो अबोल माणूस. एकदा मला बैलांच्या गोठ्यापाशी गाठून म्हणाला, “गुरुजी, नानाले सांगा, मन्हासाठे आते कोनाले फोन करू नका. फोन ठेवावर नानानं तोंड माले देखवस नही.” मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, “पाऊस येस तवलोंग करू द्या.”

चैत्रात गावची यात्रा आली. आमच्या खानदेशात यात्रेला बारा गाड्या ओढतात. बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर माणसं बसवायची, आणि देवाच्या नावाने एकट्या भगताने त्या ओढायच्या. भगताच्या अंगाला हळद, कमरेला दोर, आणि दोन बाजूंना त्याला सांभाळणारे दोघे, त्यांना बगले म्हणतात. मैदानाला उतार असतो, मागून लोक रेटतात, गाड्या धावू लागतात आणि शेवटी बगले भगताला अलगद बाजूला ओढून घेतात. नानांच्या घराण्याकडे हे भगतपण होतं. वडील थकल्यावर नानांनी काही वर्षं ओढल्या. ते राजकारणात गेल्यावर हिरामण ओढू लागला. उपास करून, जमिनीवर झोपून तो ते मनापासून करायचा. मला वाटतं, वर्षातल्या त्या एका दिवशी त्याला कुणी रिकामा म्हणत नव्हतं.

त्यात एक रीत आहे. गाडीवर जो चढला त्याला उतरवायचं नाही. देवाने बसवलं त्याला माणसाने ऊठ म्हणू नये. एरवी यामुळे काही बिघडत नाही. गावातली माणसं, दरवर्षीचे तेच ते, किती भार झाला ते सगळ्यांना नजरेने कळतं. पण त्या वर्षी मंत्री पहिल्या गाडीवर बसणार, ही बातमी आसपासच्या गावांत पसरली होती. दुपारपासून पोरांचे लोंढे यायला लागले. अमळनेरकडचे, एरंडोलकडचे, कुठकुठले. कुणाला भेटायचं होतं, कुणाला नुसतं नानांच्या नजरेस पडायचं होतं. नाना गाडीवर चढले तशी पोरं चढू लागली. गाड्यांच्या साट्या भरल्या, मग लोक धुऱ्यांवर बसले, मागून लाकडांना धरून लोंबकळले. मागच्या गाड्यांचंही तेच.

फौजदार माझ्याकडे आला. “साहेब, हे जास्त होतंय. मंत्र्यांना म्हणावं नुसता इशारा करा, दोन मिनिटांत खाली करतो.” मी गर्दीतून वाट काढून नानांच्या गाडीपाशी गेलो आणि सांगितलं. नानांनी आजूबाजूला पाहिलं. गाडीच्या तोंडाशी हिरामण हळदीने माखून उभा होता, कमरेचा दोर आवळून घेत होता. त्याने मागे वळून एकदा गाड्यांवर नजर टाकली. त्यानेही उतरा म्हणायचं नसतंच.

“चढेल मानूसले उतारतस नही, गुरुजी.”

मी म्हटलं, “नाना, रीत राहू द्या. भार बघा.”

तेव्हा ते जे बोलले ते माझ्या कानातून अजून जात नाही. “ह्या पोरेसले समदा उतारतस. हापिसमाईन उतारतस, यष्टीमाईन उतारतस, नोकरीनी रांगमाईन उतारतस. आज एक दिवस कोठेतरी चढेल शेतस. त्यासना मंत्री शे मी. मीच कसं उतर म्हनू?”

मग हाळी झाली आणि गाड्या हलल्या.

पहिल्यांदा सगळं रीतसर चाललं होतं. हिरामण वाकला, पाय रोवले, मागून रेटा आला आणि गाड्यांनी गती घेतली. उताराला लागल्यावर भार जास्त झाल्याचं बगल्यांच्या लक्षात आलं असावं, कारण उजवीकडचा ओरडला. त्यांनी हिरामणला बाजूला ओढलं, पण नेहमीच्या अंदाजाने ओढलं, आणि गाड्यांचा वेग नेहमीचा नव्हता. डावीकडच्या बगल्याच्या हातातून त्याचा हळदीचा दंड निसटला. पहिल्या गाडीचं चाक हिरामणच्या मांडीवरून गेलं. त्या गाडीवर नाना बसले होते. चाक वर उचललं गेलं आणि खाली आलं, ते त्यांना बसल्या जागी कळलं, असं त्यांनी मला पुढे एकदाच सांगितलं आणि परत कधी तो विषय काढला नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात हिरामणचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्या दिवसांत नाना व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचे. तिथेच कुणीतरी रेडिओवर ऐकून येऊन सांगितलं की दिल्लीतलं सरकार पडलं. नाना म्हणाले, “रगतनी बाटली उनी का ते पाहा.” झालं, मंत्रिपद संपलं. गाडी परत गेली, पोलीस गेले, आणि ओट्यावरची गर्दीही गेली. लोकांना दोष देत नाही. त्यांना दुसरा ओटा शोधायला हवा होता.

हिरामण शुद्धीवर आला तेव्हा मी तिथे होतो. नाना त्याच्या उशाशी उभे राहिले. हिरामणच म्हणाला, “यंदा पोरे जास्ती व्हतात, नाना.” बस, एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. त्याची बायको पायथ्याशी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. थोरल्या दिराशी ती कधी समोरून बोलली नव्हती. त्या दिवशी जमिनीकडे बघत ती म्हणाली, “तुम्ही एक डाव सांगतात, तं समदा उतरी जातात.” नाना तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्याच वर्षी हिरामणला नोकरी लागली. अपंगांसाठी राखीव जागा होत्या, त्यात वयाची सवलत होती, आणि धुळ्याच्या एका कचेरीत शिपायाची जागा निघाली. कुणाचा फोन नाही, कुणाचा शब्द नाही. ज्या हाताला मशीन कळत होतं तो हात आता घंटी वाजली की कुबडी शोधायचा. नाना एकदाच त्याला तिथे बघायला गेले, दारातूनच परत फिरले आणि माझ्या खोलीवर येऊन पंख्याखाली पडून राहिले. जेवायला वाढलं तर म्हणाले, “गुरुजी, मी सात जन्म फोन करतू तरी लागती नही अशी नोकरी लागनी.” मी भाजी वाढत राहिलो.

गावात मात्र गोष्ट वेगळीच बनली. लोक पाय विसरले आणि नोकरी लक्षात ठेवली. पगार दर महिन्याला येत होता, लेकरं धुळ्याच्या शाळेत जात होती, घराला पत्रे पडले होते. हिरामणचं नशीब उघडलं, असं लोक सरळ म्हणू लागले. नानांच्या तोंडावरही म्हणत. नाना ऐकून घेत.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो त्यांच्या ओट्यावर, दुपारच्या वेळी. ते खंगले होते, पण आवाज तोच होता. आम्ही बोलत असताना तिशीकडे झुकलेला एक जण आला आणि ओट्याच्या कडेला टेकला. शेजारच्या गावचा, नीट भांग पाडलेला, पदवीधर. नोकरी नाही, हे सांगायची गरज नव्हती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, “नाना, एक इचारू?”

“इचार.”

“हिरामणभाऊले लागनी ना, तशी जागा आते परत निघेल शे. त्यामा पाय आपोआप गया तंच धरतस, का कसाबी गया तं चालस?”

फॉर्मवर कुठे सही करायची असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात त्याने ते विचारलं. मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. नानांना लागला. ते भिंतीला धरून उठले, दोन पावलं पुढे आले, आणि त्या पोराच्या समोर जमिनीवर बसून त्याचे दोन्ही पाय हातांनी घट्ट धरले. वडिलांच्या वयाचा माणूस, एकेकाळचा मंत्री, पाय धरून बसला म्हटल्यावर पोरगा कावराबावरा झाला. “नाना, हाई काय करतस, उठा,” म्हणत तो पाय मागे घेऊ लागला. नाना सोडेनात.

“दोन्ही राहू दे रे पोऱ्या,” ते म्हणत होते, “दोन्ही राहू दे.”

“मी सहजच इचारं, नाना,” पोरगा म्हणाला.

पण त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या जागेचा अर्ज कुठे द्यायचा, हे त्याने मग मला विचारलं.